जेवणाच्या भोंग्याची कैफियत

अग्निदेवतेस दुरूनच दंडवत असो. शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सरी, पनवेलनजीक जासई मुक्कामी कंटेनर यार्डात जी मोहीम जाहली, तिची हकिकत मागाहून कोणी तिखटमीठ लावू नये म्हणोन लिहून ठेविली आहे.

राजश्री काशिराम घरत, यार्डाचे सुरक्षा अधिकारी, अंगाने किरकोळ परंतु काळजीने बहुत मातबर. त्यांस वरून हुकूम आला की, आगीच्या इशाऱ्याचे जोखीम-विश्लेषण करावे. मग त्यांनी आठ दिवस यार्ड पायाखाली घातले, आणि नववे दिवशी त्यांचे तोंडचे पाणी पळाले. कारण कँटीनची घंटा मोडल्यापासून आगीचा भोंगाच दररोज एक वाजता जेवणास वाजे, आणि तो वाजताच दोनशे असामी कँटीनवर चालून जात. तेथे गॅसच्या टाक्या, दरवाजा एकच, आणि आत कालवण रांधणाऱ्या गुणाबाई कोळीण. आग तेथेच लागली तर भोंगा होईल, फौज दरवाजात दाटेल, मग बाई बाहेर पडणार कोठून? 

काशिरामजींनी खासे व्यवस्थापक धर्मराजसाहेब यांजकडे अर्ज गुदरला. साहेबांनी फर्माविले की, माणसे काही दूधखुळी नाहीत, वेळेवरून उमजतील; शिवाय भोंग्यामागोमाग सूचना सांगणारे बोलते यंत्र आहेच. तेव्हा काशिरामजींनी सकाळी अकरा वाजता आगीचा सराव मागोन घेतला.

अकराला भोंगा जाहला. यंत्रातील बाई अस्खलित इंग्रजीत काही निर्वाणीचे बोलल्या, ते कोणाचे कानी शिरले नाही; आणि क्रेनवाले, हमाल, कारकून ऐसा समस्त सरंजाम, आज जेवण लवकर म्हणोन खुशीत, ताटे घेऊन कँटीनचे दरवाजात अडकला. अग्रभागी खुद्द साहेब होते. आतून गुणाबाईंनी पळी उगारून ललकारी दिली, "आरं, जेवान नाय झाला! मांगं सरा! समदी गेटावर जावा!" त्यासरशी फौज माघारी वळली आणि मुकाट गेटावर जाऊन उभी राहिली, साहेबांसुद्धा.

मग काशिरामजींनी मोका साधला. नवी घंटा टांगविली, भोंगा जेवणास वाजवू नये ऐसा हुकूम साहेबांचे सहीने सोडविला, आणि यंत्रातील इंग्रजी बाईंस बडतर्फ करून तेथे गुणाबाईंचा आवाज भरिला.

पुढील सोमवारी पुन्हा सराव जाहला. चार मिनिटांत यार्ड ओस पडले. हजेरी घेता असामी दोनशे भरल्या, गुणाबाई मात्र नाहीत.  काशिरामजी उलटे धावत गेले, तो बाई चुलीपाशी निवांत, आणि डोईवर त्यांचाच आवाज गर्जत असे.

"बाय, आग लागली हाय असं समजायचं! चला भाईर!"

"ह्यो तर माजाच आवाज हाय. माजाच मी काय आयकू? कालवान करपंल."

तेथे विश्लेषण संपले. काशिरामजींनी गॅस बंद केला, टोप स्वतः उचलिला आणि चालू लागले, तेव्हा बाई टोपामागे धावत बाहेर आल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दप्तरी नोंद ऐसी: असामी दोनशे, मिनिटे चार, गुणाबाई, मिनिटे नऊ, कालवणासह सुखरूप.