औषध म्हणून आलेला डबा

दोन काखांत दोन माणसं धरून उठाबशा काढणारा हिरादादा खाकी पाकीट मात्र सांडशीने उचलायचा. पोस्टमनने ते दारात टाकलं की आधी लांबून न्याहाळायचा, मग सांडशीत धरून, हात लांब करून, थेट माझ्या घरी. "भाऊ, बघा काय बोलतंय. सरकारी हाय."

सरकारी कागदाने त्याच्या घराण्यात कोणाचं काही वाकडं केल्याचं ऐकिवात नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या खाडीतली मासेमारी. तरी त्याची ठाम समजूत, "सही केली का मानूस गेला."

कल्याणला खाडीकडे त्याची पत्र्याची व्यायामशाळा होती. नव्वदचं साल नुकतंच मागे पडलं होतं तेव्हा मीही तिथे तीन दिवस गेलेलो. चौथ्या दिवशी मला कंगवा डोक्यापर्यंत नेता येईना. तेव्हापासून माझ्याकडे फक्त इंग्रजी कागद वाचायचं खातं आलं. मी ठाण्याच्या एका कचेरीत कारकून, म्हणजे दादाच्या लेखी हायकोर्टाचा वकील.

एकदा तो आला आणि आल्या आल्या दार लावून घेतलं. "भाचा अमेरिकेतनं पावडर धाडतो बोलला. ताकदीची. दुधाची हाय, अंडा-बिंडा काय नाय."

"तुला? अठ्ठेचाळिसाव्या वर्षी?"

"स्पर्धेन उतरायचंय," तो म्हणाला. कोणाकडे बघून म्हणाला म्हणाल, तर माझ्या पंख्याकडे.

आता इथे मी शहाणपणा केला. औषधाला कस्टमची ड्यूटी कमी पडते, असं कचेरीत कोणीतरी म्हटलेलं. मी भाच्याला पत्र लिहिलं, 'डब्यावर औषध असं लिही.' खाली दोन रेघाही मारल्या. असल्या हुशारीचे झटके मला वर्षातून दोनदा येतात.

दोन महिन्यांनी सांडशी आली. पार्सल कस्टमने मुंबईच्या मोठ्या पोस्टात अडवलं होतं. औषध असेल तर रुग्णाचं नाव आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पंधरा दिवसांत हजर व्हा, नाहीतर डबा परत जाईल. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं, की खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. तेही मी मोठ्याने वाचून दाखवलं. हिरादादा खाली फरशीवर बसला.

"जेलान टाकतील?"

"तुला कशाला टाकतील रे?" मी हसून म्हटलं, आणि पत्र कोणाच्या अक्षरात आहे ते मला आठवलं. मग मीही बसलो.

पुढचे दिवस वाईट गेले. व्यायामशाळेला कुलूप. बाहेर जीप वाजली की दादा पाण्याच्या पिंपामागे, आणि कचेरीत शिपाई "साहेबांनी बोलावलंय" म्हणाला की मी फायलींच्या कपाटामागे. त्याची बायको तारावहिनी मला विचारायची, "यांना झालंय तरी काय भावजी? खाडीन होडी पलटी झाली तवा नाय भ्याले." वहिनींनी गळ्यात माळ घातल्यापासून मासळी-अंडी सोडलेली. त्यात यंदा टायफॉइड झाला, आणि बाई इतकी वाळली की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी ते बघितलं, आणि चहा पिऊन उठलो.

"दादा, सोडून दे," मी सांगून बघितलं. "जाऊ दे डबा परत. कोण विचारतंय मग?"

"नाय. डबा पायजे."

चौदाव्या दिवशी लोकलने मुंबईला निघालो. पेशंट कोण विचारलं की 'मीच' म्हणायचं आणि खोकायचं, चिठ्ठी मागितली की आणखी खोकायचं, असं मी ठरवून दिलेलं. वाटेत दोनदा खोकून घेतलं त्याच्याकडून. दुसऱ्या वेळी शेजारचे दोघे दचकून उठले.

काउंटरवरच्या साहेबांनी कागद वाचला. मग दादाची छाती या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "पेशंट कोण?"

दादा खोकला नाही. हात जोडले. "साहेब, औषध नाय. खायाची पावडर हाय. लिवनाऱ्याचा दोष नाय, अडानी मी. दंड लावा, पन डबा आज द्या."

लिहिणारा तेव्हा खांबाआड उभा राहून तिकिटांचे दर वाचत होता.

ड्यूटी आणि दंड मिळून आकडा डब्याच्या किमतीपुढे गेला. "एवढे भरणार? एका डब्यासाठी?" साहेबांनाच वाईट वाटलं. दादाने रुमालाची गाठ सोडली. सही करताना त्याने पेन असं लांबून, सांडशीत धरल्यासारखं धरलं, की मी खांबामागून बाहेर येऊन कागद धरून ठेवला. माझ्या शौर्याची नोंद इथपर्यंतच.

तीन आठवड्यांनी सकाळी त्याच्याकडे गेलो. दादा भरलेला पेला घेऊन बसलेला. दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं. "तारे, नाय जात आता. वत मोरीन."

"बघा भावजी, रोजचं हाय यांचं!" वहिनी कडाडल्या. "एवढी ड्यूटी भरून आनलेला माल, नि मोरीन वतायचा? जनाची नाय तर मनाची तरी धरा!" आणि बडबडत, उभ्या उभ्या, त्यांनी पेला तळापर्यंत पिऊन टाकला. दादा त्यांच्या गळ्याकडे बघत होता. घोट मोजल्यासारखा.

त्या आत गेल्यावर त्याने माझा हात घट्ट धरला.

"बोलू नका तिला. तिच्यासाठी आनला बोललो असतो, त हात नसता लावला तिनं." मग आवाज आणखी खाली आणला. "दवाखान्यान नेताना हिला उचलली होती, भाऊ. एवढी वजनं उचलली मी, पन ही हाताला कायच लागली नाय. तवापासून जे भ्याव बसलंय..."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्याने तिकडे मान वळवली.

"काल माळ्यावरचा टोप काढायला परत उचलली. जरा लागली हाताला."