शिरूरच्या बँडची संथ चाल

गुरुबसप्पा मास्तरांचं म्हणणं असं, की वाईट बँड जगात नसतोच. त्याला दिलेली चाल मापाची नसते, एवढंच. "शिंप्यानं पोराला बापाचा सदरा शिवला, तर लोक पोराला हसतात. चूक शिंप्याची असती," असं ते लातूरच्या शाळेत दुपारच्या सुट्टीत सांगत, आणि आपण असले शिंपी नव्हेत, हेही न विचारता सांगत.

या फुशारकीला आधार होता. त्यांचे चुलते सिकंदराबादेच्या छावणीतल्या क्लबात क्लॅरिनेट वाजवायचे. निजामाचं राज्य गेलं, क्लब ओस पडला, आणि चुलते कपड्यांऐवजी जाझच्या छापील नोटेशननं भरलेली एक ट्रंक घेऊन परतले. जाझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी घडवलेलं संगीत, इतकं मास्तर कुणालाही समजावत. त्यापुढे कुणी काही विचारलं, तर ते क्लॅरिनेट काढत आणि विचारणाऱ्याला अचानक घरचं काम आठवे. ट्रंकेतली गंमत अशी, की एकेक चाल तीन तऱ्हांनी बांधलेली होती. शिकाऊंसाठी सोपी, बऱ्या हातांसाठी मधली आणि तयार बँडसाठी अवघड.

मास्तरांना हे आयतंच झालं. कारण त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या शाळा तीन, आणि तिन्हींचे बँडमास्तर तेच. लातूरची पोरं तयार. चाकूरची बरी. आणि शिरूर अनंतपाळची पोरं वाद्यं उचलत तरी होती, यावर समाधान मानायचं. नोकरी मात्र तात्पुरती. दर जूनला नवा हुकूम यायचा, आणि तो येईपर्यंत गौरम्मांचा, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचा, जीव टांगणीला. भाड्याच्या घरात त्यांनी कधी भिंतीला खिळा ठोकला नाही. "जूनमधी बघू," म्हणायच्या. देवाचा फोटोसुद्धा डब्याला टेकून उभा होता.

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष लागलं, आणि पावसानं दडी मारली. जिल्हा नवा आला, कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यात राहिलं, असं लोक म्हणत. तिथंही नव्हतं, ते वेगळं. अशा वर्षी संस्थेनं ठरवलं, की जिल्ह्यासाठी मुंबईच्या खेपा घातलेले आपले अध्यक्ष ईश्वरप्पा यांचा त्यांच्याच गावात, शिरूरला, सत्कार करायचा. ईश्वरप्पा लातूरचे मोठे आडत व्यापारी. त्यांनीच सांगितलं, की दुष्काळात मांडव नको, जेवणावळ नको. एक साधी मिरवणूक काढा, बँड आपल्याच शाळांचे लावा. मग मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, "मिरवणूक झ्याक झाली, तर जूनमधी तुमचा कायमचा हुकूम काढतो."

झ्याक झाली नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी ट्रंक उपसली आणि एक चाल निवडली. शिरूरच्या बँडनं ती अगदी संथ सुरू करायची. तिथली पोरं दोन सुरांच्या मध्ये श्वास घेत, घाम पुसत आणि पुढचा सूर आठवत, त्यामुळे त्यांना संथच मानवणार होती. चावडीपाशी चाकूरच्या बँडनं तीच चाल जरा डुलवत उचलायची, आणि लगेच लातूरच्या पोरांनी तिला असं उधळायचं, की मिरवणूक शाळेपर्यंत नाचत जावी. एकच कापड, तीन मापं! मास्तर स्वतःवरच इतके खूश झाले, की गौरम्मांना म्हणाले, "खिळे आणून ठेव."

शिरूरला जाऊन त्यांनी संथ चाल शिकवली आणि सराव मुख्याध्यापक भुजंगरावांवर सोपवला. पुढे लातूर-चाकूरच्या पोरांत ते गुंतले. दोन महिन्यांनी पुन्हा शिरूरला गेले, तर बँड ओळखू येईना. ट्रम्पेट अजून चिरकत होता, पण पावलं एका तालात, चेहरे गंभीर, ढोल कसा जपून पडत होता. मास्तरांनी विचारलं, "भुजंगराव, रोज सराव घेता काय?"

"रोज न्हाई. जसं निमित्त निघंल तसं," भुजंगराव म्हणाले. "पण यंदा उन्हाळ्यात निमित्तं लई निघायलीत."

निमित्त कसलं, एवढं मास्तरांनी विचारलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण कौतुक करताना माणूस चौकशी करत नाही.

झालं होतं असं. शिरूरच्या लिंगायत घरांत माणूस गेला, की त्याला आडवा नेत नाहीत. कपाळाला विभूती लावून त्याला विमानात, म्हणजे कमानीच्या सजवलेल्या आसनात, मांडी घालून बसवतात, बेल वाहतात आणि वाजतगाजत नेतात. आता दुष्काळानं गावातले वाजंत्री पोटासाठी हैदराबादेकडे गेलेले, आणि उन्हाळा असा कडक, की म्हातारी माणसं एकामागून एक चाललेली. वाजंत्र्यांवाचून कुणाला न्यायचं कसं? लोक शाळेत आले. शाळेनं समाजाच्या उपयोगी पडावं, असं भुजंगराव दर पंधरा ऑगस्टला भाषणात सांगत. त्यांनी बँड दिला. बँडला येत होती एकच चाल, तीही संथ. ती त्या प्रसंगाला इतकी शोभली, की पुढे मराठ्यांच्या घरांतूनही मागणी येऊ लागली. वैशाखापर्यंत गावाचा कानच तयार झाला. ती चाल ऐकू आली, की दुकानाची फळी पडायची आणि हात जोडले जायचे.

सत्काराच्या दिवशी दुष्काळानं राहिलेली कसर भरून काढली. झेंडूला पाणी नव्हतं, म्हणून महादेवाच्या देवळामागच्या झाडाचा बेल आणून माळा केल्या. गावातले सगळे ट्रॅक्टर पाण्याच्या टाक्या ओढण्यात गुंतलेले, म्हणून भुजंगरावांनी मठातला विमानाचा गाडा आणवला. वरची कमान तेवढी काढली आणि खुर्चीवर शाल टाकली. ईश्वरप्पा म्हणाले, "मठाचाच हाय, वंगाळ काय त्यात?" त्यांनी कपाळाला रोजच्यासारखी ठळक विभूती लावली, उन्हासाठी डोक्यावर ओलं उपरणं घेतलं आणि खुर्चीत मांडी घातली. मास्तरांनी हात वर केला, आणि शिरूरच्या बँडनं संथ चाल सुरू केली.

मे महिन्यातलं ऊन, गाड्याचे हेलकावे आणि ती चाल! वेशीपर्यंत पोहोचेतो ईश्वरप्पांची मान छातीवर टेकली. त्यांना गाढ झोप लागली.

पुढे चालणाऱ्या मास्तरांना मागचं दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता बाजार. एकेक दुकान बंद होत होतं, लोक बाहेर येऊन टोप्या काढत होते, बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मास्तरांचा ऊर भरून आला. चुलते म्हणायचे, जाझला ऐकणारा कान लागतो. तो कान सिकंदराबादेत नव्हता, लातुरात नव्हता, तो शिरूरला होता! मागे एक बाई दुसरीला सांगत होती, की सकाळी चांगले चहा पिले म्हणे, सत्कारसुद्धा नशिबी आला न्हाई. मास्तरांच्या कानात ट्रम्पेट होता. त्यांनी ढोलवाल्यांना अजून हळू वाजवायची खूण केली.

चावडीच्या अलीकडे साहेबराव धावत आले. साहेबराव म्हणजे ईश्वरप्पांचे बांधाला बांध लागलेले शेजारी. दोघांत जमिनीवरून भांडण होतं आणि बोलणं कधीचंच बंद होतं, त्यामुळे सत्काराचं आमंत्रण त्यांना नव्हतं. त्यांनी गाडा थांबवला, ईश्वरप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देत म्हणाले, "आप्पा, मला माफ करा. बांधाचा दगड मीच सरकवला हो."

वरून आवाज आला, "कंच्या अंगाचा?"

"उगवतीच्या," साहेबराव सवयीनं बोलून गेले, आणि मग त्यांनी वर पाहिलं. ईश्वरप्पांनी एक डोळा उघडला होता.

नेमक्या याच वेळी चावडीआड उभ्या असलेल्या पोरांना गाडा दिसला. गाडा दिसला की सुरू करायचं, असं मास्तरांनी त्यांच्याकडून दहादा घोकून घेतलं होतं. चाकूरचा बँड डुलला, आणि त्याच्या पाठोपाठ लातूरच्या पोरांनी अशी काही उसळी मारली, की गाड्याचे बैल बिथरले आणि ईश्वरप्पा खुर्चीतून ताडकन उभे राहिले. "उठले! आप्पा उठले!" असा एकच गलका झाला. ज्यांनी बेल वाहायला हात उचलले होते, ते बेल टाकून पळाले. साहेबराव सगळ्यांच्या पुढे होते. शिरूरची पोरं तेवढी जागची हलली नाहीत. ती संथपणे वाजवत राहिली, कारण त्यांना थांबायची खूण शिकवायची राहून गेली होती.

रिकाम्या बाजारात भुजंगरावांनी मान खाली घालून मास्तरांना निमित्तं सांगितली. मास्तर चावडीच्या पायरीवर बसले. आता जून येणार, पण हुकूम येणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं. घरात आणून ठेवलेले खिळे आठवले.

दुपारी ईश्वरप्पांनी त्यांना घरी बोलावलं. मास्तर क्लॅरिनेट सोबत घेऊनच गेले, परत करायला. ते संस्थेचं नव्हतं, चुलत्यांचं होतं, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"मास्तर, ही चाल कुठली?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"अमेरिकेतली."

"तिथं कवा वाजवतात?"

चुलत्यांनी सांगितलेलं मास्तरांना आत्ता आठवलं. "माणसाला पोचवायला. जाताना संथ, येताना जोरात." आणि पुढे अगदी हळू म्हणाले, "मी माप तेवढं बघितलं, आप्पा. प्रसंग बघितला न्हाई."

ईश्वरप्पांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरली. मग म्हणाले, "माझ्यापायी बाजार बंद झाला. साहेबराव रडला. दगड तर आत्ताच जागेवर आला. जित्या माणसाच्या सत्काराला हे घडंल व्हय? मास्तर, माझ्या वेळेला हीच चाल पाहिजे. तिन्ही बँड पाहिजेत. जाताना संथ, येताना जोरात. आणि त्याला तुमी पाहिजे. हुकूम जूनमधी मिळंल."

मास्तरांना हसावं की पाया पडावं कळेना. ते पाया पडले. गौरम्मांनी त्याच दिवशी देवाचा फोटो भिंतीवर लावला.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. ईश्वरप्पा नव्वदीकडे झुकलेत. दर उन्हाळ्यात ते शिरूरच्या शाळेत येतात, खुर्चीत मांडी घालून डोळे मिटतात आणि चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. मग एक डोळा उघडून म्हणतात, "ट्रम्पेट कच्चा हाय, मास्तर. असल्या वाजवण्यावर मी जाणार न्हाई."

मास्तर मान डोलवतात, सराव घेतो म्हणतात. तपासणीला येणारे साहेब मात्र बुचकळ्यात पडतात. लातूरचा बँड उत्तम, चाकूरचा चांगला, शिरूरलाच काही सुधारणा नाही, हे कसं? आता साहेबांना काय सांगायचं! शिरूरला एखाद्या पोराचा ट्रम्पेट जरा गोड लागायला लागला, की मास्तर त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप देतात आणि त्याच्या गळ्यात ढोल अडकवतात.