विमानतळाचा मोजा

आमच्या गावाबाहेरच्या छोट्या विमानतळाचा इतिहास कुणाला हवा असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं. माझी शाळा चौथीत संपली, पण त्या माळावर मी चाळीस वर्षं कॅन्टीन चालवलं. कुठला शिकाऊ कितव्यांदा कुंपणात घुसला, सगळं तोंडपाठ आहे!

म्हणून विमानतळाच्या पन्नाशीच्या समारंभानिमित्त फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरीनं पुस्तक लिहिलं, तेव्हा छपाईआधीच मी ते सुनेकडून वाचून घेतलं. अध्यक्षांचे सात फोटो. अध्यक्षांच्या कुत्र्याचा एक. आणि आमच्या ह्यांचं नावसुद्धा नाही! आता हे नाहीत, पण तिथले पहिले मेकॅनिक होते. धावपट्टी म्हणजे नुसतं कापलेलं गवत होतं, आणि ते गवतही हेच कापायचे.

सेक्रेटरीला गाठलं. तो म्हणाला, "आजी, पुरावा आणा. शेवटचं पान अजून कोरं आहे."

पुरावा माझ्या ट्रंकेत होता. मोजा! पायातला नव्हे, खांबावरचा. वारा नसला की लोंबतो, जोराचा असला की आडवा ताठ होतो. तो बघूनच वैमानिक विमान उतरवतात. विमानतळाचा पहिला मोजा ह्यांनी माझ्या केशरी पडद्यांचा शिवला. माझ्या मापावर विश्वास नाही म्हणून तोंडात टाचण्या धरून स्वतः मशीनवर बसले. संध्याकाळी तो पहिल्यांदा वाऱ्यानं भरला, तेव्हा जेवण टाकून बघत उभे राहिले. वर्षभर आमच्या खिडक्या उघड्या होत्या, पण मी काही बोलले नाही. म्हणजे, रोज नाही बोलले.

ठरलं असं, की समारंभाला तोच मोजा खांबावर चढवायचा. प्रमुख पाहुणे म्हणजे ह्यांच्या हाताखाली इंजिन शिकलेले म्हातारे कप्तान. ते आपल्या जुन्या विमानातून येणार आणि मोज्याची गोष्ट सगळ्यांना सांगणार.

आता माझ्या घरातून चुरगळलेलं कापड बाहेर गेलंय कधी? मोजा धुतला. दाटसर खळ घातली. आत दोन उश्या कोंबून वाळवला. असा कडक झाला, की टिचकी मारली तर वाजावा!

समारंभाच्या सकाळी झाडाचं पान हलत नव्हतं. खांबावर मोजा मात्र आडवा, ताठ, जणू वादळ सुटलंय. मला काय अभिमान वाटला!

कप्तानांचं विमान आलं. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच फेऱ्या. बँडवाले वाजवून दमले. खालून वायरलेसवर सांगितलं, वारा अजिबात नाही, उतरा. वरून उत्तर आलं, "तुमच्यावर नाही, त्या मोज्यावर माझा विश्वास आहे. त्यानं मला कधी फसवलं नाही." आणि विमान शेजारच्या शहराकडे निघून गेलं.

कप्तान दोन तासांनी टॅक्सीनं आले. तोवर सेक्रेटरी मांडवभर सांगत सुटला होता, की मोजाच सदोष, त्या मेकॅनिकला शिवताच आला नव्हता.

गप्प बसले असते तर माझी अब्रू वाचली असती. कुणाला खळीचा पत्ता नव्हता. पण ते कोरं पान डोळ्यांसमोर आलं. ऐंशी वर्षांत मी कुणापुढे चूक कबूल केलेली नाही, ह्यांच्यापुढे तर नाहीच. उठले, माईक हिसकावला आणि म्हटलं, "शिवण त्यांची आहे, ती पक्की आहे. खळ माझी आहे."

मांडव हसून लोळला. कप्तान तेवढे हसले नाहीत. खांबाशी गेले, मोजा खाली घ्यायला लावला आणि शिवणीवरून बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले.

पुस्तक छापून आलं. शेवटचं अख्खं पान ह्यांचं आहे, नाव ठळक अक्षरात. कॅन्टीनबद्दल अवाक्षर नाही. मी आहे, पण तळाशी, बारीक अक्षरात: 'खळ : पत्नी.'

सुनेनं ते पान चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलंय. पाहुणे आले की ती त्यांना तळापासून वाचायला सांगते.