‘रन’ हॉलमध्ये मांडलं तेव्हा

“‘रन’ मी रविवारपर्यंत उडवतो,” असं मी भर मीटिंगमध्ये म्हणालो. आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात सगळ्यांच्या माना वर झाल्या. माझ्याआधी तीन संपादकांनी या इंग्रजी क्रियापदापुढे हात टेकले होते. त्यातल्या एकाने तर बदलीच मागून घेतली.

‘रन’ म्हणजे धावणे, असं ज्याला वाटतं तो सुखी माणूस. इंग्रजीत घोडा रन करतो, नाक रन करतं, धुतलेल्या सदऱ्याचा रंग रन करतो आणि फाटका मोजाही रन करतो. वर लोक दुकान रन करतात आणि निवडणुकीलाही रन करतात!

मुख्य संपादक, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले, “रविवारी संध्याकाळी बघतो. जमलं तर तुम्ही कायम. नाही जमलं तर…” पुढचं त्यांनी मोठ्या मनाने गिळलं. मी अजून तात्पुरता होतो आणि घरी बायकोला सातवा महिना होता. कायम होणं भागच होतं.

आमची पद्धत अशी : प्रत्येक अर्थाचं एक कार्ड करायचं आणि सगळ्यात जुन्या अर्थापासून नव्यापर्यंत कार्डं ओळीने मांडायची. ऑफिसचं टेबल ‘रन’ला पुरेना, म्हणून मी कार्डं घरी आणून हॉलभर जमिनीवर मांडली आणि साहेबांनाही तिथेच यायला सांगितलं. दाराच्या उंबऱ्यापाशी पायांनी धावणं, कारण सगळ्यात जुना अर्थ तोच असणार, हे मला न बघताच ठाऊक होतं. सोफ्यापाशी पाणी वाहणं. स्वयंपाकघराच्या तोंडाशी कॉम्प्युटरचा प्रोग्राम चालणं. बायको भिंतीला पाठ लावून, पोट सांभाळत, तिरकी तिरकी जायची.

“आपण नक्की कुठे राहतो?” तिने विचारलं.

“कडेने.”

रविवारी दुपारी सासूबाई लेकीची खुशाली बघायला आल्या. त्याही भिंतीभिंतीने स्वयंपाकघरात पोचल्या आणि त्यांनी भांडी घासायला नळ सोडला. पाणी सकाळपासून गेलेलं होतं. तेवढ्यात त्यांचा हात ओट्यावर ठेवलेल्या उरलेल्या कार्डांकडे वळल्यासारखा मला वाटला.

“आई, कशालाही हात लावू नका!” मी हॉलमधून ओरडलो.

सासूबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी कशालाही हात लावला नाही. उघड्या नळालाही नाही.

जेवणं झाली. आम्ही तिघंही आतल्या खोलीत आडवे झालो. मला स्वप्नात धबधबा दिसत होता. उठून पाय खाली ठेवला तर घोट्यापर्यंत पाणी. नळाला पाणी आलं होतं आणि खरकट्याने तुंबलेलं सिंक भरून वाहत होतं.

आमच्या गवंड्याने हॉलला बाहेरच्या दाराकडे उतार देऊन ठेवला आहे. त्याला मी आजवर फक्त शिव्याच दिल्या होत्या. त्या उताराने सगळं क्रियापद दाराशी जाऊन साचलं होतं. निवडणूक मोज्याला चिकटली होती आणि कॉम्प्युटर घोड्याखाली सापडला होता.

“तुम्हीच म्हणालात ना, हात लावू नका,” सासूबाई म्हणाल्या.

आणि बेल वाजली.

मी दार उघडलं. पाण्याचा एक लोट साहेबांच्या बुटांवरून जिन्याने खाली गेला; कार्डं तेवढी उंबऱ्याला अडली. मी गुडघ्यापर्यंत भिजलेला, बायकोच्या हातात पोछा, सासूबाईंच्या हातात बादली. गेली नोकरी, असं मी मनाशी म्हणालो आणि खरोखर रडू आलं.

साहेबांनी वाकून अगदी उंबऱ्यावरचं कार्ड उचललं. “पाणी वाहणं. तुम्ही हे पहिलं ठेवलंत?”

“हो,” असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

“पाण्यानंच आणून ठेवलं ते,” सासूबाई म्हणाल्या. “आधी सोफ्यापाशी होतं.”

साहेबांनी कार्डावरचं पाणी झटकलं. “या शब्दाचं मूळ वाहण्यातच आहे. जुन्या इंग्रजीत नदीही हेच करायची. आधीच्या तिघांनीही न बघता पायांनी धावणं पुढे ठेवलं, म्हणून त्यांची पुढची ओळच लागेना.” मग त्यांनी बूट काढले आणि पँट दुमडली. “इस्त्री आहे का घरात?”

संध्याकाळभर सासूबाई कार्डांवर इस्त्री फिरवत होत्या, बायको सोफ्यावर बसून ती वाचून दाखवत होती आणि साहेब आणि मी जमिनीवर रांगत होतो. पाणी पुढे आल्यावर बाकीचे अर्थ शहाण्या पोरांसारखे मागे उभे राहिले. पाण्यामागून नाक, नाकामागून रंग. शेवटचं कार्ड लागलं तेव्हा बायकोने साहेबांसमोरच माझा हात धरला.

“तुम्ही कायम,” साहेब म्हणाले. “आणि घरची मंडळी इतकी हाताशी आहेत, तर पुढचं क्रियापदही इथेच मांडा. ‘ब्रेक’. मोडणं, फुटणं, सगळं.”

बायको उठली आणि समोरचे काचेचे ग्लास एकेक करून कपाटात ठेवू लागली.