अर्लसाहेबांना मरायला सवड नाही

आमचे अर्लसाहेब जिना बसून उतरतात. खरोखर, पायरीवर बूड टेकवून, एकेक पायरी. चौऱ्याऐंशी वर्षांचा, टाय लावलेला इंग्रज उमराव असा घसरत खाली येताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला हसू आवरेना. ते मात्र घामाघूम झालेले. म्हणाले, "पडलो तर संपलंच की, नर्स कांबळे!"

मी दर मंगळवारी लेस्टरहून त्यांच्या पायाचं ड्रेसिंग करायला जाते. जन्मानं मिळालेल्या मोठेपणाचं कौतुक करायचं नाही, ही आमच्या घरची शिकवण. म्हणून मी त्यांना 'लॉर्ड' म्हणत नाही, नुसतं 'सर' म्हणते. पण माणूस इतका भित्रा, की राग तरी कसा धरायचा?

द्राक्षाचे चार तुकडे करून खाणार. घरातले सगळे गालिचे गुंडाळून ठेवलेले, पाय अडकायला नको. पूर्वजांच्या भिंतीवर लावायची तसबीर काढायला आलेल्या चित्रकाराला दारातूनच परत पाठवलं. "त्या भिंतीवर जो जो चढला तो गेला," म्हणाले. मला बघितलं की आधी हात वर करून "नॉट टुडे, नर्स!" जणू वरचं बोलावणं माझ्याच पिशवीत आहे.

सगळं भोगून झालं, तरी जिवाची एवढी हाव कशाला, असं मला वाटायचं. मग त्यांची मुलगी हेलन भेटली. साठीची, बिनलग्नाची, आईचं दुखणं एकटीनं काढलेली. अर्लचा किताब फक्त पुरुषाला मिळतो, आणि घर किताबाला बांधलेलं. म्हणजे साहेबांनी डोळे मिटले की दोन्ही कॅनडातल्या दूरच्या पुतण्याला, आणि हेलन जन्मघरातून बाहेर.

"मग एखादा भला मुलगा दत्तक घ्या, हेलनला सांभाळणारा," मी साहेबांना सुचवलं.

"आमच्या किताबाला दत्तक चालत नाही."

"वा! आमच्याकडच्या राजांचे दत्तक नामंजूर करून तुम्हीच संस्थानं खालसा केलीत. आता भोगा!"

मी आपली थट्टा केली. ते पांढरेफटक पडले. माझी जीभ म्हणजे ना!

गेल्या मंगळवारी तो पुतण्या बायकोला घेऊन चहाला आला होता. मी साहेबांचा पाय मांडीवर घेऊन बसलेले, आणि ही बाई पडद्यांसाठी खुशाल टेप लावून खिडक्या मोजतेय! हेलन मुकाट्यानं टेपचं दुसरं टोक धरून उभी.

पाहुण्यांना पोचवायला हेलन बाहेर गेली, तसं साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तुमच्या गल्लीत एखादं घर रिकामं होतं का हो? तिला बस कुठं थांबते तेसुद्धा माहीत नाही. आजारी पडली तर हाक कुणाला मारेल? तुमच्यात शेजारी दार वाजवतात म्हणे."

"वाजवतात. नको असलं तरी वाजवतात."

ते हसले नाहीत. "तुम्ही वाजवाल?"

मला भडभडून आलं. नर्सनं पेशंटला असली वचनं द्यायची नसतात. "रोज वाजवेन," मी म्हटलं.

त्यांनी मनगट सोडलं, मान मागे टेकली आणि डोळे मिटले. इतका शांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"सर," मी घाईघाईनं त्यांचा खांदा हलवला, "घर अजून मिळालेलं नाही हं! शोधायला पुष्कळ वेळ लागेल."