पट्ट्यासाठीं ओरडणाऱ्या निळ्या गाडीची हकीकत

॥ कुलस्वामिनीचे कृपेंकरून ॥ शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं एक्या राज्याचें वर्तमान ऐसें जे, घाटावरील ठाण्यांस धान्य पोंचवावयास विजेची मालगाडी घ्यावी ऐसें ठरलें, आणि पारख करणें कोठीच्या मुख्त्यार सगुणाबाईसाहेब यांजकडे आलें. बाईसाहेबांचे यजमान सुभानराव याच घाटांत गाडी हांकीत असतां गत जाहले. त्या मुलखीं सारथ्यांची चाल ऐसी कीं, आसनाचा पट्टा आधीं पाठीमागें अडकवावा आणि मग बसावें, म्हणजे गाडी ओरडत नाहीं. सुभानरावही तैसेच बसले; वळणावर गाडी थांबली, ते थांबले नाहींत.

मग दोन गाड्या दरबारीं उभ्या केल्या. दोहींस आपोआप लागणारे ब्रेक, मागें पाहणारा कॅमेरा, आणि माल सारथ्याचे अंगावर न यावा म्हणून मध्यें लोखंडी भिंत. पांढरींत पोतीं अधिक मावत, आणि पट्टा पाठीमागें अडकविला तरी ती निमूट राही. निळी मात्र माणूस बसल्यावर पट्टा लागला तरच उगी राही, एरवीं कान किटेतों ओरडे. कारभारी जिवाजीपंत बोलिले, "बाईसाहेब, ही कजाग सासू कशास घरांत आणतां? पांढरी बरी." सारथी खंडोजी म्हणाला, "आईसाहेब, ठाण्याठाण्याला उतरायचं, चढायचं. दर खेपेस कोण बांधीत बसेल?" बाईसाहेब हळूच बोलिल्या, "तुमचे धनीही हेंच म्हणत."

त्या दिवशीं बाईसाहेबांस उपास. वळणावरील देवीस नैवेद्य नेण्याचा रोजचा नेम, तो निळींतून नेला. हांकावयास आपणच बसल्या आणि भरली टोपली शेजारचे आसनीं ठेविली. पट्टा आपला लाविला तरी गाडी ओरडूं लागली. बाईसाहेब दचकल्या, म्हणाल्या, "अगं, कोणी नाहीं गं बसलेलं तिथं." गाडी ऐकेना. तेव्हां टोपलीसही पट्टा बांधिला, आणि गाडी उगी जाहली, आणि घाट चढेपर्यंत शेजारीं कोणी आहे ऐसें वाटत राहिलें. देवीपुढें दिवा लाविला, नैवेद्य वाटसरांस वाटिला, आणि रिती टोपली पुन्हां तेथेंच ठेविली. गाडी कांहींच बोलिली नाहीं. बाईसाहेबांनीं अंमळ वाट पाहिली. मग पट्टा ओढून रित्या टोपलीस बांधिला आणि निघाल्या.

एकूण मजकूर इतकाच जे, निळी कोठीस लागली. पोतीं कमी जातात, पण खंडोजी सांजेस घरीं येतो. शेजारचा पट्टा बाईसाहेब अद्याप बांधितात.