निर्विवाद कागद

कचेरीत माणसांना बसायला जागा उरली नाही, तेव्हा कागद जाळायचं ठरलं. साल चौसष्ट, गाव जयपूर. निकष दिल्लीहून आला आणि तो कुणाही शहाण्याला पटावा असाच होता: ज्यावर वाद झाला तो कागद कायम जपावा, ज्यावर कधीच वाद झाला नाही त्याची गरजही पडणार नाही, सबब तो नष्ट करावा.

रेकॉर्ड रूम सांभाळणारे उमाकांत मिरजकर हुकमाचे ताबेदार. चाळताना त्यांना स्वतःचाच जुना मेमो सापडला. एकदा पत्नी मधुमतीबाईंना आमेरच्या देवीला घेऊन गेले, परतताना बस बंद पडली आणि स्वारी दुपारी कचेरीत उगवली. मेमो मिळाला, त्यांनी बाणेदार उत्तर दिलं. म्हणजे वाद झालाच. जाळायला हात फार शिवशिवले बिचाऱ्यांचे. पण नियम तो नियम. त्यांनी तो लाल फितीत बांधून कपाटात ठेवला.

मग त्यांचं सर्व्हिस बुक आलं. उभ्या नोकरीत त्यावर कुणी ब्र काढला नव्हता. ते त्यांनी अंगणातल्या होळीत टाकलं, आणि टाकताना त्यांना अभिमानही वाटला.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. शेजारच्या टेबलावरचा नंदकिशोर प्रत्येक साहेबाशी भांडलेला. त्याचे कागद कपाटात मावत नव्हते, त्याचं पेन्शन घरी चालत आलं. मिरजकरांनी नोकरी केली याला मात्र पुरावा नव्हता. हाताखालचे सगळे साक्ष द्यायला तयार होते, पण माणसं हा काही कागद नव्हे. शेवटी मेमो निघाला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मिरजकरजी, आप देर से आए थे, यह साबित है. दोपहर के बाद आप दफ्तर में थे, यह भी मान लेते हैं."

अशा रीतीने उमाकांतरावांची नोकरी अर्धा दिवस मंजूर झाली. पेन्शनीवर मिरजेला घर बांधायचं होतं, ते राहिलं.

"चुकलंच माझं," मधुमतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला रोज आमेरला न्यायला हवं होतं."

वाचकहो, खुशाल हसा. थोरल्या वहिनीनं बारशाच्या पंगतीत मारलेला टोमणा तुम्हाला अजून शब्दशः पाठ आहे. तुमच्या टायफॉइडात महिनाभर पेज तिनंच भरवली होती. त्यावर कधी वाद झाला नाही. तो कागद तुम्ही केव्हा जाळलात?